चेन पुसण्याच्या सकाळी

हुरड्याचे दिवस आले की सोलापुरातली धूळ बदलते. उन्हाळ्यातली धूळ पांढरट, तापलेली, डोळ्यांत चावणारी असते. ही तशी नाही. ही काळ्या रानातून येते आणि तिला ओल्या ताटांचा, गोवरीच्या राखेचा वास असतो. होटगी रस्त्याच्या कडेला हुरड्याच्या गाड्या लागतात, सकाळी चादर अंगावरून काढवत नाही आणि दुपारी अंगावर घेववत नाही, तेव्हा ही धूळ हळूच शहरात शिरते आणि माझ्या सायकलच्या चेनवर येऊन बसते. आज सकाळी चेनवरून फडकं फिरवलं तर ते काळपट होऊन आलं. मी ते नाकाशी नेलं. पंचावन्नाच्या बाईनं सायकल पुसायचं फडकं हुंगत अंगणात उभं राहावं हे काही बरं दिसत नाही. पण गल्लीत कुणी नव्हतं, आणि त्या वासात मला एक सबंध हिवाळा सापडतो.

सायकल तशी माझी नव्हे, ह्यांची. हे म्हणजे माझे यजमान, शिवानंद. मार्केट यार्डाजवळ आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून बसून ह्यांना साखरेचा आजार झाला, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालणं ह्यांना कंटाळवाणं वाटे. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी हे गिअरची सायकल घेऊन आले आणि अंगणात उभी करून नव्या सुनेकडे बघावं तसे तिच्याकडे बघत राहिले. मग पहाटे रियाजभाईंबरोबर वळसंगच्या रस्त्याला जाणं सुरू झालं. रियाजभाई ह्यांचे कॉलेजपासूनचे मित्र, त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. दोघं परत यायचे ते घामेजलेले, भुकेलेले आणि कसल्यातरी गोष्टीवर हसत.

रविवारी सकाळी मात्र ह्यांचं एक वेगळंच व्रत असे. सायकल अंगणात घ्यायची, पाटावर बसायचं आणि चेन पुसायची. माझ्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे त्यासाठी पळवलेले असत. चेन अंतरानं झिजत नाही, धुळीनं झिजते, आणि धुळीला आमंत्रण माणूसच देतो, असं ह्यांचं म्हणणं. लोक भसाभस तेल ओततात, त्या तेलावर धूळ चिकटते, आणि त्या दोन्हींचा मिळून जो गाळ होतो तो कड्या आतून घासत राहतो. म्हणून आधी कोरडं पुसायचं. मग एकेका कडीवर एकेक थेंब. थोडा वेळ थांबायचं, आणि वरून दिसणारं सगळं तेल पुन्हा पुसून काढायचं. तेल आत हवं, बाहेर नको. रियाजभाई सायकल पाण्याच्या पाइपनं धडाधड धुवायचे आणि चढावर उभं राहून पेडल हाणायचे. त्यांच्या दोन चेनी संपत तेव्हा ह्यांची एकच चालू असे. मी स्वयंपाकघरातून हे सगळं ऐके आणि माझी अर्धी साडी गेली म्हणून कुरकुरे. त्या चेनकडे मी कधी नीट बघितलं नव्हतं.

आमच्या घरात दोन भाषा. ह्यांचं माहेर, म्हणजे पुरुषाच्या घराला माहेर म्हणता येत असेल तर, अक्कलकोटकडचं. घरात सगळे कानडी बोलत. मी जेऊरची. आमच्याकडे कानडी कुणाच्या कानावरूनही गेली नव्हती. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई माझ्यासाठी मराठी बोलायच्या आणि माझी पाठ वळली की पुन्हा कानडीत शिरायच्या, जशी बाहेरचा पाहुणा गेल्यावर माणसं पाय पसरून बसतात तशी. मला राग यायचा नाही. वाटायचं, होईल सवय. सवय झाली ती एवढीच की पुढं पुढं मला सगळं समजायला लागलं. बोलले मात्र कधी नाही. आणि हे माझ्याशी पहिल्या दिवसापासून मराठीतच बोलले. आमची भांडणं मराठीत झाली, मुलीचं नाव मराठीत ठरलं, ती शिकायला बाहेरगावी गेली तेव्हा रिकाम्या खोलीच्या दारात उभं राहून जे दोन शब्द आम्ही बोललो तेही मराठीत. मी शाळेत मराठी शिकवते. भाषा हे घर असतं वगैरे वाक्यं मी मुलींकडून निबंधात लिहून घेत आले होते.

मघाशी म्हटला तो हिवाळा नुकता लागत होता, दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. दुकानात रब्बीच्या बियाण्याची गर्दी होती. एका शेतकऱ्याला पिशवी देताना ती ह्यांच्या हातून खाली पडली, आणि हे ती उचलायला वाकले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले. दुकानातच असलेल्या माझ्या धाकट्या दिरानं लगेच ओळखलं आणि ह्यांना गाडीत घातलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा ह्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. उजवा हात चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. त्यांनी मला बघितलं, ओळखलं, आणि बोलायला तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. त्यांना वाटत होतं आपण बोलतोय. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की आपण बोलत नाहीये. ते कळतानाचा त्यांचा चेहरा मी पुष्कळदा विसरायचा प्रयत्न केला आहे.

घरी आणलं तेव्हा थंडी चांगलीच पडली होती. मी शाळेतून रजा घेतली. व्यायाम शिकवायला एक मुलगी येई, ती बोटं एकेक करून उघडायला लावी. मी शेजारी बसून शब्द सांगे. पाणी. चहा. सुमन, हे माझं नाव. हे माझ्या ओठांकडे लहान मुलासारखं बघत आणि मग डोळे मिटून घेत.

आणि मग एका दुपारी, मी भाकरी थापत असताना, बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "नीर."

नीर म्हणजे पाणी. मी पिठाच्या हातानं तशीच धावले. तांब्या त्यांच्या ओठाला लावला, आणि आनंदानं मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी ऊटा आलं, म्हणजे जेवण. मग बा, म्हणजे ये. एकेक शब्द येत होता, रोज येत होता, आणि सगळे कानडी. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, लहानपणीची भाषा आधी उगवते, बाकीचं मागून येईल, कदाचित सगळं येणार नाही. मी मान हलवली. चांगलीच बातमी होती ती. मग घरी येताना रिक्षात मला इतकं परकं का वाटत होतं, हे कुणाला सांगता येईना.

माझी नणंद, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, अक्कलकोटहून राहायला आली. ह्यांच्याहून मोठी, प्रेमळ, तोंडानं सैल. ती पलंगावर बसून गावाकडच्या गोष्टी सांगे, कुठली म्हैस, कुठला ओढा, कुणाचं लग्न. हे ऐकता ऐकता मधेच एखादा शब्द टाकत, आणि दोघं भावंडं हसत. मी आत ज्वारीचं पीठ मळत ते हसणं ऐके. मला वाटे, हे परत येताहेत खरे, पण ज्या घरी परत येताहेत त्या घरात मी अजून आलेलीच नाही. त्यांचं माझ्याआधीचं आयुष्य आहे तिथं हे सुखरूप पोहोचलेत, आणि माझ्याबरोबरचं सगळं वाटेत कुठंतरी सांडलं आहे. आपला माणूस जगला यावर समाधान मानायचं सोडून मी भाषेचा हिशेब करत होते. मनाला लाज असते, पण ती वेळेवर येत नाही.

अक्कानं ते ओळखलं होतं. एकदा भाजी निवडताना म्हणाली, "सुमन, तू बोल की त्याच्याशी कानडी."

मी म्हटलं, मला येत नाही, नुसतं समजतं.

"समजतंय तर मग झालं की. तोंड उगडायचंच राहिलंय तुझं."

मी भाजी निवडत राहिले. मला वाटत होतं ह्यांनी माझ्याकडे, माझ्या भाषेत यावं. आजारी माणसाकडून ही अपेक्षा, पण होती.

रियाजभाई दर रविवारी येत. ह्यांच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे, म्हणून ते नुसते हात धरून बसत. एका रविवारी त्यांनी पडवीत चादरीखाली झाकून ठेवलेली सायकल बाहेर काढली. पडून पडून चेन आखडते, म्हणाले, जरा फिरवून ठेवतो. त्यांनी चाक उचलून पेडल फिरवलं. चेननं किरकिर केली, कोरडी, बारीक, दातात वाळू यावी तशी. आणि खुर्चीत बसलेले हे एकदम ताठ झाले. दवाखान्यातून आल्यापासून ह्यांच्या चेहऱ्यावर मी नाराजी बघितली नव्हती. दुःख होतं, थकवा होता, पण आपल्या वस्तूची आबाळ झाल्यावर माणूस जसा चिडतो तसं चिडणं नव्हतं. ते त्या दिवशी दिसलं. मला ते फार ओळखीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर मी ह्यांना खुर्चीत बसवलं आणि सायकल समोर घेतली. तेल द्यायचं एवढं मला माहीत होतं. स्वयंपाकघरातून खोबरेलाची बाटली आणली आणि चेनवर धार धरणार, तोच आवाज आला. "अल्ल."

अल्ल म्हणजे नव्हे, असं नव्हे. मी थांबले. त्यांनी डाव्या हातानं हवेत पुसल्यासारखं केलं. मी फडकं आणलं. पुसलं. पुन्हा अल्ल. पुन्हा पुसलं. फडक्याचा नवा भाग घ्यायचा, चेन बोटांच्या चिमटीत धरायची आणि पेडल उलटं फिरवत राहायचं, म्हणजे चेन आपोआप फडक्यातून सरकत जाते. पण मला दोन हात, एकानं फडकं धरलं तर दुसऱ्यानं पेडल फिरवताना सायकल डुगडुगायची. मी ह्यांची खुर्ची पुढं ओढली आणि तो विसरून गेलेला उजवा हात उचलून पेडलवर ठेवला.

हाताला पेडल लगेच ओळखीचं झालं असं काही म्हणत नाही. तो घसरला, दोनदा घसरला. तिसऱ्यांदा बोटं जराशी वळली आणि पेडल थोडंसं मागं गेलं. चेन माझ्या फडक्यातून दोन बोटं सरकली. आम्ही दोघंही त्या दोन बोटांकडे बघत राहिलो.

मग तेल. "एण्णी," असं म्हणत त्यांनी कोनाड्यातल्या बारीक तोंडाच्या बाटलीकडे मान केली. खोबरेल नव्हे, ते. मी एकेका कडीवर थेंब सोडत गेले. त्यांचं लक्ष माझ्या हाताकडं. एका ठिकाणी बाटली जरा जास्त दाबली गेली, तर लगेच म्हणाले, "साकु."

साकु म्हणजे पुरे. सासूबाई ताटात वाढताना मी हा शब्द हजारदा ऐकला असेन. आणि माझ्या तोंडून, मी न ठरवता, उत्तर गेलं, "साका?" पुरे का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेनकडे नाही, माझ्याकडे. ओघळलेल्या बाजूनंही हसू आलं. मग पुढच्या कडीकडे बोट दाखवून म्हणाले, "इन्नू स्वल्प." अजून थोडं.

त्यानंतर रोज सकाळी तेच. खरं तर चेनला रोज पुसायची काही गरज नव्हती, तेल तर नाहीच. पण कोरडं फडकं फिरवायला काय जातंय. व्यायामाची मुलगी म्हणाली, हा व्यायाम मी सांगितलेल्यापेक्षा चांगला आहे, चालू ठेवा. उजवा हात पेडल फिरवे, मी फडकं धरी, आणि आमचं बोलणं चाले, त्यांच्या पाच-दहा शब्दांत आणि माझ्या मोडक्यातोडक्या कानडीत. एकदा त्यांनी माझ्या शाळेच्या पिशवीकडे बोट केलं. मला कळेना. पेन दिलं, वही दिली, शेवटी लाकडी फूटपट्टी दिली तेव्हा मान डोलावली. चेनवर पट्टी धरायला लावली. कड्या जोडणाऱ्या एका खिळ्यापासून मोजायला लागलं की फुटाच्या रेघेवर बरोबर खिळा यायला हवा. पुढं सरकला तर चेन ताणली गेली, आणि ताणलेली चेन वेळेवर बदलली नाही तर चक्राचे दाते खाऊन टाकते. आमचा खिळा रेघेवर होता. ह्यांनी एक मोठा श्वास सोडला. अंगणात ऊन होतं, भिंतीवर चिमण्या होत्या, अक्का आत कुणाशीतरी फोनवर बोलत होती, आणि आम्ही दोघं म्हातारपणाच्या उंबऱ्यावर डोकं डोक्याला लावून एका पट्टीकडे बघत होतो. सुखाची व्याख्या विचारली तर मी आजही हे सांगेन.

त्यांनी पुन्हा कधी सायकल चालवली नाही, हे इथंच सांगून टाकते. तोल परत आला नाही. पण चेन चालती राहायला हवी हा त्यांचा हट्ट होता, आणि चालवायला घरात दुसरं कोण होतं? मी जेऊरला लहानपणी सायकलनं शाळेत जात असे. त्यानंतर सायकलवर बसले नव्हते. पंजाबी ड्रेस घालून, पदराच्या सवयीनं ओढणी खोचून, मी गल्लीत बाहेर पडले. अक्का दारात उभी राहून शेजारणीला सांगत होती की आमची सुमन आता रेसला जाणार.

हे फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि कान लावत. डोळ्यांपेक्षा कानानं त्यांना जास्त समजे. आमची गल्ली टोकाला चढते. त्या चढावर पोहोचल्यावर मी जोरात पेडल दाबत गिअर बदले, आणि चेन कटकन् ओरडे. परत आले की हे म्हणत, "निधान." निधान म्हणजे सावकाश. मग डाव्या हाताची मूठ आवळून दाखवत आणि सैल सोडत. त्याचा अर्थ मला हळूहळू लागला. चढ आल्यावर नाही, चढ यायच्या आधी गिअर हलका करायचा, आणि बदलताना क्षणभर पायातला जोर काढून घ्यायचा, म्हणजे चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर न ओढाताण होता जाते. दोन बोटं तिरकी धरून ते आणखी एक दाखवत, पुढचं मोठं चक्र आणि मागचंही मोठं असं एकदम लावू नकोस, चेन तिरपी ताणली जाते. मी हे सगळं शिकले. शाळेत मी उत्तर लगेच मागणारी बाई होते. त्या हिवाळ्यात मला कळलं की माणसाला शब्द सापडेपर्यंत आपण नुसतं थांबलो, चेहऱ्यावर घाई न आणता थांबलो, तर तो शब्द बहुतेक वेळा येतो.

मराठी मात्र येत नव्हती. माझी तक्रारही उरली नव्हती म्हणा. अक्का तिच्या घरी परत गेली होती आणि मी आमच्या दोघांपुरती कानडी ओढून नेत होते.

ज्वारीची काढणी सुरू झाली तेव्हाची सकाळ. मी रोजच्या वळणावरून मागं फिरायचे, त्या दिवशी फिरले नाही. हवा छान होती आणि सायकल बिनआवाजाची पळत होती, वळसंगच्या रस्त्यानं पुढं पुढं. दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली ज्वारी, बायका ओळीनं ताटं उपटत चाललेल्या, मुळांबरोबर उडणारी ती काळी धूळ उन्हात सोन्यासारखी दिसत होती. मला किती वेळ झाला ते कळलं नाही. फोन घरीच राहिला होता. परत फिरले तर मागून उसाची ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर आला, गाणी लावलेला, रस्ता सगळा अडवून. मी घाबरले, कडेला घ्यायच्या गडबडीत पाय आणि गिअर दोन्ही एकदम दाबले, आणि चेन पडली. पडली ती चक्राच्या फटीत जाऊन अडकली. मी बांधावर सायकल टेकवली, मागच्या गिअरचा दांडा पुढं ढकलून चेन सैल केली, खालच्या दात्यांवर घातली, पेडल उलटं फिरवलं. बसली नाही. पुन्हा केलं. हात कोपरापर्यंत काळे झाले, कपाळावरही बोटं लागली असणार. शेवटी बसली. तेवढ्यात ऊन चांगलं वर आलं होतं.

गल्लीत शिरले आणि लांबूनच मला फाटक दिसलं. खुर्ची रिकामी होती. चालताना धरायचा त्यांचा वॉकर पडवीतच उभा होता. आणि हे फाटकाचा गज उजव्या हातानं धरून उभे होते, आपले आपण. पाय थरथरत होते. शेजारच्या वहिनी मागं उभ्या होत्या, त्या मला खुणेनं सांगत होत्या की ऐकतच नाहीत.

मी उतरले. ह्यांचे ओठ हलायला लागले. मी थांबले, चेहऱ्यावर घाई न आणता, जशी थांबायला शिकले होते तशी. शब्द कुठूनतरी फार लांबून निघाला होता.

"कुटं गेल्तीस?" ते म्हणाले. मग श्वास घेतला, पुन्हा ओठ जुळवले. "किती वाट बघायची माणसानं?"

मराठीत. आमच्या भांडणांच्या, आमच्या रिकाम्या खोलीच्या, आमच्या सगळ्या वर्षांच्या मराठीत. शेजारच्या वहिनींना त्यात विशेष काही वाटलं नाही. नवरा बायकोवर रागावला, एवढंच त्यांनी ऐकलं.

मी काळे हात पुढं करून दाखवले.  आणि जे तोंडात आलं ते मी बोलून गेले.

"चेन बिद्दित्तु री."

चेन पडली होती हो, एवढाच त्याचा अर्थ. तेही बहुतेक चुकीचंच असणार, कारण कानडीत चेन पडली असं म्हणतात की दुसरं काही, हे मला आजतागायत माहीत नाही. त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. गजावरचा हात काढून त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला, आपला सगळा भार टाकून, आणि आम्ही आत गेलो.